वाचकांचे प्रश्न : कोंडीत तापणारी गाडी

प्रश्न : माझी 14 वर्षे जुनी पेट्रोल गाडी पूर्व द्रुतगती मार्गावर व्यवस्थित धावते, मात्र सायनच्या कोंडीत दहा मिनिटे उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढतो. कूलंट पुरेसे आहे. गॅरेजवाला आधी थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप) बदला म्हणतो. घरच्या घरी काय तपासता येईल?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : धावत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याला करावे लागते, म्हणून गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट बदलायला सांगितले, तरी आपण पहिला संशय पंख्यावरच घ्यावा. इंजिन सुरू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत त्यासरशी पंखा फिरू लागतो. न फिरल्यास फ्यूज पाहावा, आणि तो शाबूत असेल तर त्याच फ्यूजपेटीतील हॉर्नचा रिले (वीजप्रवाह चालू-बंद करणारा छोटा स्विच), त्यावरचा क्रमांक तोच असल्याची खात्री करून, पंख्याच्या रिलेच्या जागी बसवून पाहावा. तरीही पंखा ढिम्म राहिला, तर इंजिन बंद करून, ते पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार काढून पंख्याच्या मोटारीचा प्लग सोडवावा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत त्यातील पिनांवर हिरवट भुकटी साचते, आणि पुष्कळदा दोष एवढाच असतो. पिना स्वच्छ असतील, तर मोटार, सेन्सर आणि वायरिंग यांची तपासणी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू लागतो, तेव्हा तार जोडलेली असताना बोटे पात्यांजवळ नेऊ नयेत. गरम रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये.