बूट मॅनेजरला नेमके काय वाचावे लागते?
विंडोज असलेल्या संगणकावर बीटीआरएफएस फाइल सिस्टीमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या एका पद्धतीवर) लिनक्स बसवायचे असल्यास दोन्ही सुरू करून देणारा बूट मॅनेजर (संगणक चालू होताना कार्यप्रणाली सुरू करणारा प्रोग्रॅम) कोणता, असे आपण विचारले आहे. अशा वेळी मी कार्यप्रणालींची यादी पाहत नाही. बूट मॅनेजरला स्वतःला कोणती फाइल, कोणत्या फाइल सिस्टीमवरून उचलावी लागेल, हे आधी पाहतो.

विंडोजच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीत ग्रब या लिनक्ससोबत येणाऱ्या बूट मॅनेजरला विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टीम वाचावीच लागत नाही. फॅट३२ ही साधी फाइल सिस्टीम असलेल्या ईएफआय पार्टिशनवर (डिस्कच्या बूटसाठी राखलेल्या भागावर) विंडोजचा स्वतःचा बूट मॅनेजर असतो, त्याच्या हाती सूत्रे दिली की ग्रबचे काम संपते. मात्र दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने बसवलेल्या हव्यात. विंडोज जुन्या बायोस पद्धतीने आणि लिनक्स यूईएफआय पद्धतीने बसवले, तर ग्रबच्या मेनूतून विंडोज सुरू होणार नाही.

खरा विचार लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या फाइलचा, करावा लागतो. ग्रब ईएक्सटी४, बीटीआरएफएस आणि एक्सएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टीम स्वतः वाचतो, त्यामुळे कर्नल मूळ पार्टिशनवरच राहू शकतो. सिस्टमडी-बूट हा दुसरा बूट मॅनेजर फर्मवेअरला (मदरबोर्डमधील मूळ प्रोग्रॅमला) जे वाचता येते तेवढ्यावरच चालतो, म्हणून कर्नल सहसा ईएफआय पार्टिशनवर ठेवावा लागतो. विंडोजने केलेले हे पार्टिशन बहुधा १०० एमबीचे असते आणि दोन-तीन कर्नलांतच भरते. रीफाइंड या तिसऱ्या बूट मॅनेजरसोबत ईएक्सटी४ व बीटीआरएफएसचे ड्रायव्हर येतात, त्यामुळे ही अडचण टळते.

'ग्रब वाचतो' या शब्दांवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. २०२३ मध्ये ई२एफएसप्रोग्ज या ईएक्सटी४ तयार करणाऱ्या साधनसंचाच्या १.४७.० आवृत्तीने एक नवे चेकसम-वैशिष्ट्य (माहिती बिघडली नाही ना हे तपासण्याची सोय) आपोआप चालू केले, जे ग्रब २.०६ ला कळत नव्हते. डिस्क पूर्ण निर्दोष असूनही 'अनोळखी फाइल सिस्टीम' हा संदेश पाहत मी एक संध्याकाळ घालवली आहे. एन्क्रिप्शनचेही तसेच आहे: लक्स२ या लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनमध्ये पासवर्डवरून किल्ली बनवण्यासाठी आर्गॉन२ ही पद्धत वापरली असेल तर ग्रब २.०६ ते उघडू शकत नाही, आणि बूट पार्टिशन वेगळे, एन्क्रिप्शनविना ठेवावे लागते.

आपल्यासाठी मी ग्रबच सुचवेन. फक्त २.०६ पासून तो इतर प्रणाली आपणहून शोधत नाही, त्यामुळे मेनूत विंडोज दिसले नाही तर घाबरू नका. ग्रबच्या सेटिंगमध्ये ओएस-प्रोबर (इतर प्रणाली शोधणारे साधन) चालू करून मेनू पुन्हा तयार करावा.