वाचकांचे प्रश्न : टोमॅटोचं बी घरचंच धरायचं तर

प्रश्न : बाजारातल्या लालबुंद टोमॅटोचं बी काढून लावलं. बारा रोपं जगली, पण फळं एकसारखी नाहीत. काही गोल, काही लांबट, दोन तर नुसती बोरांएवढी. बी धरण्यात काय चुकलं? (सातारा)

बी धरण्यात नाही, फळ निवडण्यात चुकलं. मंडईतला टोमॅटो बहुतेक संकरित असतो आणि त्याच्या बियांतून पुढच्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात. घरचं बी धरायला सरळ (संकरित नसलेलं, बियांतून तसंच उगवणारं) वाण हवं : पुसा रुबी, अर्का विकास किंवा कुणाच्या परसात टिकून राहिलेला, देठाशी चुण्या पडलेला चपटा, आंबट गावरान टोमॅटो. (विदर्भातल्या वाचकांनी ‘भेदरं’ वाचावं.)

निवड झाडावरून करा. एखादं फळ टपोरं आहे म्हणून रोगट झाडाचं बी घेऊ नका, बियांवरून काही विषाणू पुढच्या रोपांत जातात. निरोगी झाडाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसाला दोरा बांधा आणि ती फळं झाडावरच मऊ होईपर्यंत पिकू द्या. टोमॅटोचं फूल स्वतःच फळतं, त्यामुळे सहसा भेसळ होत नाही. मात्र जुन्या, मोठ्या फळांच्या काही वाणांत फुलाची मधली काडी बाहेर डोकावते आणि मधमाशी दुसरीकडचे परागकण आणून ठेवते. शेजारी दुसरं वाण असेल तर कळ्या उमलण्याआधी घोसावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा, फुलं असेपर्यंत रोज सकाळी हलकी टिचकी मारा, फळ धरलं की पिशवी काढा.

फळ आडवं कापून गर काचेच्या पेल्यात पिळा, तेवढंच पाणी घाला, वर कापड बांधून सावलीत ठेवा. दिवसातून दोनदा ढवळा. दोन-तीन दिवसांत वर पांढरट साय धरते आणि वास येतो. येऊ द्या. बीभोवतीचा बुळबुळीत थर या आंबण्याने सुटतो आणि तोच थर बीला उगवू देत नसतो. उन्हाळ्यात मात्र चौथा दिवस उजाडू देऊ नका, बी पेल्यातच मोड काढतं. भरपूर पाणी ओतून ढवळलं की पोकळ बी तरंगतं, भरलेलं तळाशी बसतं. तळचं बी गाळणीत चोळून धुवा आणि स्टीलच्या ताटलीत सावलीत आठवडाभर वाळवा. कागदावर पसरलं तर चिकटून बसतं. कोरड्या बाटलीत, वाण आणि वर्ष लिहून ठेवलेलं बी चार वर्षं सहज उगवतं.

प्रश्न : रोपं दोन पानांवर आली की बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. (कोल्हापूर)

ही मर. ओल्या मातीतली बुरशी बुडावर चढते. दाट पेरणी, बागेतली जुनी माती आणि संध्याकाळचं पाणी ही नेहमीची कारणं. निम्मं कोकोपीट, निम्मं चाळलेलं गांडूळखत घ्या. बी अर्धा सेंटिमीटर खोल, रोपांच्या ट्रेच्या एका खणात एकच. पाणी सकाळी, तेही वरचा थर सुकल्यावर. उगवण पाच ते आठ दिवसांत होते, त्या दिवशीच ट्रे उजेडात आणा. पडलेलं रोप वाचत नाही, काढून टाका. पहिल्या दोन बीजपानांनंतरची चार-पाच खरी पानं आली की (साधारण पंचविसाव्या दिवशी) लावणी करा. खालची पानं खुडून रोप निम्म्याहून खोल गाडा. गाडलेल्या खोडालाही मुळ्या फुटतात.

प्रश्न : ‘ब्रँडीवाइन’ हे अमेरिकी वाण जानेवारीत पेरलं. पानं बटाट्यासारखी आली, फुलं भरपूर, पण सगळी गळतात. बी चुकीचं आलं का? (पुणे)

बी बरोबर आहे, ब्रँडीवाइनची पानं तशीच असतात. चुकला तो महिना. लावणीनंतर पहिलं फळ पिकायला हे वाण ऐंशी-नव्वद दिवस घेतं. म्हणजे तुमची फुलं नेमकी मार्च-एप्रिलमध्ये आली. दिवसा पस्तिशीच्या वर पारा आणि रात्रीही उकाडा असला की पराग निकामी होतात. सावलीच्या हिरव्या जाळीने पानं वाचतात, रात्र थंड होत नाही. पुण्याकडे गणपती ते दसरा ही पेरणीची वेळ : थंडीत फळ धरतं आणि उन्हं तापण्याआधी हाती येतं.

प्रश्न : फळाचं बूड काळं पडतं. अंड्याची टरफलं घालूनही फरक नाही. (ठाणे)

फरक पडणारही नाही, टरफलं विरघळायला फार वेळ लागतो. शिवाय मातीत बहुधा कॅल्शियम असतंच. ते पाण्याबरोबर फळापर्यंत जातं आणि कुंडी एक दिवस कोरडी, एक दिवस चिंब असली की वाट तुटते. पंधरा-वीस लिटरची कुंडी घ्या, वर पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या, पाणी नेमाने घाला, युरिया थांबवा. काळी फळं तोडून टाका. नंतरच्या घोसात फरक दिसेल.