इस्लामी जगातलं विज्ञान गझालीमुळे संपलं की मंगोलांमुळे?

तुमचा प्रश्न असा की बगदादमध्ये एवढं विज्ञान जोरात होतं, मग गझाली नावाच्या धर्मपंडिताने ते बंद पाडलं आणि उरलंसुरलं १२५८ मध्ये मंगोलांनी जाळलं, हे खरं का. व्हॉट्सअ‍ॅपवर पण हेच फिरत असतं. मला ते पटत नाही, कारण तारखाच जुळत नाहीत.

गझाली वारला ११११ मध्ये. त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी इब्न अल-नफीस या वैद्याने रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसात जाऊन डाव्या बाजूला येतं हे लिहिलंय. आणि खुद्द गझालीने तत्त्वज्ञांना झोडपणाऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की ग्रहणाचं गणित धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो. मंगोलांचं तर अजून गंमतशीर आहे. बगदाद लुटलं हुलागू या मंगोल सरदाराने, आणि दुसऱ्याच वर्षी त्याच हुलागूच्या पैशावर इराणात मराघा इथे नसीरुद्दीन तूसी या खगोलशास्त्रज्ञाची वेधशाळा सुरू झाली! पुढे चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा काढायची नोकरी करणाऱ्या इब्न अल-शातिरने चंद्राच्या गतीचं जे गणित मांडलं, तेच जवळपास जसंच्या तसं १५४३ मध्ये कोपर्निकसच्या पुस्तकात दिसतं. म्हणजे धर्म आणि खगोलशास्त्र एकाच मशिदीत पगारावर होते म्हणा ना.

मुळात हे सगळं उभं राहिलं ते खलिफांचा पैसा, कागद आणि जिथून मिळेल तिथून ज्ञान घ्यायची तयारी यावर. ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरं करणारा हुनैन ख्रिश्चन, गणिती साबित इब्न कुर्रा हरानच्या ताऱ्यांना पूजणाऱ्या लोकांतला, आणि ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतलं गणित तर आपल्याकडून आठव्या शतकातच तिकडे पोचलेलं.

पण खरी मेख त्या पैशातच होती, म्हणजे राजाश्रयात. समरकंदचा उलुग बेग, तैमूरचा नातू, स्वतः राजाच गणिती, त्याने १४२० च्या दशकात वेधशाळा बांधली, १०१८ ताऱ्यांची यादी केली, आणि १४४९ मध्ये पोटच्या मुलानेच त्याला मारवलं, वेधशाळा ढासळली ती इतकी की जागा सापडायला १९०८ उजाडलं. इस्तंबूलमध्ये तकी अल-दीन या खगोलशास्त्रज्ञाची वेधशाळा १५७७ ला उभी राहिली, १५८० ला सुलतानाच्या हुकुमाने पाडली. इथे धर्मगुरूंचा हात होता, ते नाकारत नाही, पण दरबारातलं राजकारणही होतंच.

आता त्याच काळात डेन्मार्कमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे बघा. त्यालाही राजाचाच पैसा, नवीन राजा आला तसा १५९७ मध्ये त्यालाही गाशा गुंडाळावा लागला. पण तो प्रागला गेला, तिथे दुसरा राजा मिळाला, केप्लरसारखा गणिती मिळाला, आणि टायकोच्या वेधांवरून केप्लरने केलेले ग्रहांच्या स्थानांचे तक्ते १६२७ मध्ये छापून निघाले. छापून, हे महत्त्वाचं. इस्तंबूलमध्ये ज्यूंचे छापखाने आधीपासून होते, पण मुतेफेर्रिका नावाच्या माणसाच्या छापखान्यातून तुर्की भाषेतलं पहिलं पुस्तक बाहेर पडलं ते १७२९ मध्ये. मदरशांचा पैसाही वक्फचा, देणाऱ्याने लिहून ठेवलेल्या कामालाच बांधलेला, आणि ते काम बहुतेक करून धार्मिक कायदा शिकवायचं, त्यामुळे गणित-खगोल शिकवलं तरी बाजूबाजूने. त्यात युरोपची जहाजं दुसऱ्या वाटांनी जगभर फिरायला लागली आणि पैसा तिकडे वळला. म्हणजे हे लोक एका दिवसात थांबले असं नाही, समोरचा युरोप फार जोरात सुटला हेही तितकंच.

काही जण म्हणतील की शेवटी धर्मच आडवा आला. मग जयपूरचा सवाई जयसिंग घ्या, हिंदू राजा, उलुग बेगचे तक्ते अभ्यासून दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी इथे वेधशाळा बांधल्या. १७४३ मध्ये तो गेला आणि त्यांचं कामही मंदावत जाऊन थांबलं. तिथे ना गझाली होता ना हुलागू.