शीट मेटल ट्रेडमध्ये भविष्य आहे का? शेड मारायची की विमानाकडे जायचं?

भविष्य आहे. बाकीचं सांगायला जरा वेळ लागेल, कारण तुमचा प्रश्न वाचून थोडं लागलं.

मुलाला दहावीला बासष्ट टक्के, आयटीआयला शीट मेटल वर्करला नंबर लागतोय, आणि तुम्हाला धास्ती की पोरगा जन्मभर सोसायट्यांच्या गच्चीवर पत्रे मारत बसेल. त्यापेक्षा नवी मुंबईचा विमानतळ झालाच आहे तर विमान दुरुस्तीत लागेल का, असं तुम्ही विचारताय. मी ठाण्यात वागळे इस्टेटला शेड, पन्हळ आणि डक्टची, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांची, कामं घेतो. वडीलही हेच करायचे. तुमची जी धास्ती आहे त्यावर आमचं घर चाललं आणि बहिणीचं लग्न झालं, एवढं सांगून पुढे जातो.

विमानतळाचं आधी उरकतो. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागली आणि उलव्यापासून ऐरोलीपर्यंत प्रत्येक आईबापाला वाटायला लागलं, पोराचं झालं! अहो, विमान जिथून उडतं तिथे रोजची देखभाल होते. चाक बदला, तेल बघा, बिघाड निघालाच तर तेवढा काढा आणि विमान सोडा. पत्र्याचं खरं काम निघतं ते विमान हँगरमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या मोठ्या शेडमध्ये, उघडून ठेवतात तेव्हा, सी चेकसारख्या मोठ्या तपासणीला. सीटा काढल्या, फ्लोअर उचलला की खाली गंज दिसतो, भेगा दिसतात, सामानाच्या दाराशी गाड्या आपटून पोचे पडलेले दिसतात. तिथे शीट मेटलवाला लागतो. असे हँगर मुंबईच्या जुन्या विमानतळाकडे आहेत, नागपूरला मिहानमध्ये आहेत. विमान बांधायच्याच कामात जायचं तर नाशिकजवळ ओझरला एचएएल हा सरकारी विमान कारखाना, नाहीतर वडोदऱ्याला टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा कारखाना. तेव्हा पोरगा घर सोडून राहणार आहे का, हे आधी घरात विचारून घ्या.

मला यातलं कसं माहीत? आयटीआयनंतरची माझी अप्रेंटिसशिप अशाच एका हँगरमध्ये झाली. सुरुवातीला विमानाला हात लावू देत नाहीत, भंगार पत्र्यावर रिव्हेट, म्हणजे दोन पत्रे जोडणारी खीळ, मारायला बसवतात. रिव्हेटचा व्यास साधारण जोडातल्या सगळ्यात जाड पत्र्याच्या जाडीच्या तिप्पट. मागून जे डोकं तयार होतं ते व्यासाच्या दीडपट रुंद आणि व्यासाच्या निम्मं उंच. भोक पत्र्याच्या कडेपासून किमान दोन व्यास आत. एक जण समोरून गन धरतो, दुसरा मागून लोखंडी ठोकळा टेकवून बसतो, मध्ये पत्रा असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि आवाजात बोलणं ऐकू येत नाही. मग मागचा माणूस पत्र्यावर टकटक करतो. एकदा म्हणजे अजून मार, दोनदा म्हणजे बसला, तीनदा म्हणजे बिघडला, काढून टाक. आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर शिसपेन्सिलीने खूण करायची नाही. त्यातल्या ग्राफाइटमुळे धातू गंजतो. खिळ्याने ओरखडून माप काढायचं तर नावच नको, त्या ओरखड्यातून भेग धरते. घरी वडिलांबरोबर खिळ्यानेच मापं काढलेल्या माझ्यासारख्याला हे सगळं नवीन होतं.

अप्रेंटिसशिप संपल्यावर कायम करतील असं काही दिसेना. ठेकेदाराच्या नावावर राहा म्हणाले. घरचा धंदा होता, मी परत आलो. माझा मामेभाऊ, आमचा दादा, तेव्हा एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर झाला होता, आजही आहे, बी-१ लायसन्सवाला, म्हणजे विमानाच्या कामावर सही करणारा. त्या दिवसापासून कुठलंही लग्न असो, बारसं असो, दादा मला पाहुण्यांपुढे उभं करून सांगतो, "हा विमान सोडून पत्र्यात गेला."

आता त्याच्या सोसायटीची गोष्ट. घोडबंदर रोडला राहतो. गच्ची गळायची म्हणून वरती शेड टाकायचं ठरलं. दादा कमिटीवर. मी कोटेशन दिलं: अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत गॅल्व्हल्यूम (जस्त-ॲल्युमिनियमचा थर दिलेला) पत्रा, ईपीडीएम रबराच्या वॉशरचे स्क्रू, कापाकापी कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणारं मशीन), ग्राइंडर अजिबात नाही. पत्र्यांची एकमेकांवरची चढण अशी घ्यायची की पश्चिमेकडून येणारा पाऊस जोडात घुसणार नाही. दुसऱ्याचं कोटेशन बरंच खाली होतं आणि त्यात 'पत्रा व फिटिंग' एवढे दोनच शब्द. मीटिंगमध्ये मी विचारलं की हा कुठला पत्रा, कुठला स्क्रू, महापालिकेची परवानगी कोण काढणार. दादा म्हणाला, "अरे, पत्राच तर आहे. विमान थोडंच बनवायचंय!" सगळे हसले. काम त्या दुसऱ्याला गेलं.

मला राग पैशांचा नव्हता आला. आला म्हणजे आला, पण नंतर. आधी राग याचा आला की जपान एअरलाइन्सच्या १२३ नंबरच्या विमानाची गोष्ट मला याच माणसाने सांगितली होती. १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना त्या बोइंग ७४७ ची शेपटी घासली. केबिनमधल्या हवेचा दाब अडवणाऱ्या मागच्या भिंतीची दुरुस्ती करताना जोडपट्टी अखंड बसवायच्या ऐवजी दोन तुकड्यांत बसली, आणि जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे तो एका ओळीवर आला. वरून काही दिसत नव्हतं. सात वर्षं विमान उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत हवेत फाटली आणि ५२० माणसं गेली. हे सांगताना दादाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. तोच माणूस स्वतःच्या डोक्यावरच्या छपराबद्दल म्हणतो, पत्राच तर आहे!

जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात फोन आला. "जरा येऊन जा रे." गेलो. पाऊस थांबल्यावर दोघं वर चढलो. अर्धेअधिक स्क्रू तिरके, कारण लाइन न आखता मशीन सरळ घुसवलेलं. जे सरळ होते ते इतके आवळलेले की वॉशरचं रबर बाहेर येऊन फाटलेलं. पत्रे ग्राइंडरने कापलेले, त्यामुळे कडेचं कोटिंग जळून गेलेलं आणि तिथून गंजाची लाल रेघ उतरायला लागलेली. ड्रिलिंगचा बुरा कुणी झाडलाच नव्हता; लोखंडाचा तो कीस ओला होऊन नव्याकोऱ्या निळ्या पत्र्यावर तांबडे ठिपके पडले होते. जोडांची तोंडं बरोबर पश्चिमेला. दादा खाली बसला, बोटाने एक वॉशर चाचपला, आणि अगदी हँगरमधल्या सवयीने म्हणाला, "हे इन्स्पेक्ट कुणी केलं?"

मी म्हटलं, "दादा, कमिटीवर तू आहेस."

स्क्रू बदलले, रिज आणि फ्लॅशिंग, म्हणजे माथ्यावरची आणि कडांची झाकणपट्टी, नव्याने केलं, पन्हळीला उतार दिला. जळलेल्या कडा काही परत येत नाहीत, त्या रंगवून दिल्या. बिल मिळालं. गणपतीत घरी गेलो तर पाहुण्यांना ओळख करून देताना पुन्हा तेच, हा विमान सोडून पत्र्यात गेला. 

आता सहीचं, कारण तुमच्या मुलाच्या कामाचं तेच आहे. हँगरमध्ये माझ्याबरोबर जे जुने कारागीर होते त्यांचा हात दादापेक्षा दहापट बरा. पण त्यांनी मारलेल्या रिव्हेटवर सही लायसन्सवाल्याची. त्या सहीशिवाय विमान हलत नाही, आणि पगारातला फरकही तिथेच पडतो. ते लायसन्स डीजीसीए, म्हणजे विमानांवर देखरेख करणारं सरकारी खातं, देतं. त्याला साधारणपणे बारावी सायन्स लागते, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन. तेव्हा मुलाचं गणित बरं असेल आणि विमानच डोक्यात असेल तर आयटीआयचा नाद सोडा, अकरावीला घाला. 'आयटीआय करू दे, मग विमानाचं बघू' असं करणारे बघता बघता तिशीला येतात आणि अजून दुसऱ्याच्या सहीसाठी फाइल घेऊन उभे असतात.

गणित कच्चं असेल, हात चांगला असेल, तर बिनधास्त शीट मेटल घ्या. वर्षाचा कोर्स आहे. ड्रॉइंग आणि डेव्हलपमेंट मन लावून शिकू दे, म्हणजे चौकोनातून गोलाकडे जाणारा तुकडा सपाट पत्र्यावर आखायला यायला हवा. ते आलं की शेडच मारायला हवी असं नाही. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली आहेत, त्यांना थंड ठेवायला लागणारं डक्टिंग बघितलंत तर डोळे फिरतील. हल्ली कटिंग मशीनवर होतं, खरंय. पण साइटवर मध्ये बीम आला की मशीन महाप्यात आणि तुकडा हाताने काढायचा असतो. असा हात असलेला माणूस मला आज शोधून सापडत नाही. चार वर्षं कुणाकडे तरी घासली की स्वतःचं कोटेशन देता येतं, आणि त्यावर सही आपलीच.

दादा हे वाचेल आणि म्हणेल की मी एकाच बाजूने लिहिलंय, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. लायसन्सचे कोर्स महाग आहेत. कॉलेजला डीजीसीएची सीएआर-१४७ ही लायसन्सचा कोर्स चालवायची मान्यता आहे का, हे डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा, एजंटवर जाऊ नका. लायसन्स मिळेपर्यंत प्रत्यक्ष कामाचा अनुभव भरावा लागतो, तेवढी वर्षं घरचा आधार लागतो. आयटीआयमधूनच विमानाकडे जायचं असेल तर 'एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर' नावाचा दोन वर्षांचा वेगळा ट्रेड आहे, तो जवळ कुठे मिळतो का तेही बघा. रिव्हेट गनने कान जातात, प्लग न घालणारे सगळे नंतर मोठ्याने बोलतात.

आणि आमच्याकडचं. आमच्यात माणसं पडतात. गच्चीच्या कडेवरून पडतात तशी पत्र्यातूनही पडतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर किंवा उजेडासाठी लावलेल्या फायबरच्या पत्र्यावर पाय दिला की तो सरळ खाली जातो. माझा एक हेल्पर असाच मांडीपर्यंत आत गेला होता. हार्नेस होता म्हणून आज तो माझ्याकडेच मिस्त्री आहे. तेव्हा मुलगा ज्याच्याकडे पहिल्यांदा कामाला लागेल त्या ठेकेदाराला दोन गोष्टी विचारा: हार्नेस कुठे अडकवणार, आणि पत्र्यावर पाय कुठे द्यायचा. दुसऱ्याचं उत्तर आहे, खाली जिथे पर्लिन, म्हणजे पत्रा पेलणारा आडवा पाइप, आहे त्या स्क्रूच्या ओळीवर. तो हसला किंवा 'सवय होते' म्हणाला तर मुलाला घेऊन घरी या. चांगला निघाला तर अठरा पूर्ण झाल्यावर बांधकाम कामगार मंडळात मुलाची नोंदणी करा. त्याला वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते ठेकेदार द्यायला कंटाळा करतात, मागे लागून घ्यावं लागतं.