लिहावं तं वाटते, पन सुरुवात कोठून करू?

प्रश्न : दादा नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यावरून लिहितो. बारावी झाली न् लग्न झालं, आता रोज वावरात जातो. आपल्या मनचं काही लिवत राहावं असं लय दिसापासून वाटते, पन वही उघडली का हात थांबते. आमच्या गावात लिहिण्यासारखं मोठं काही घडतच नाही, अन् आमची भाषा वाचून लोक हसतीन असंही वाटते. तुमाले लिहायची गोडी कोनापासून लागली?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, तुम्ही 'वावरात जातो' लिहिलंय ना, ते तसंच राहू द्या. आपल्या वऱ्हाडात बाया 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, कोणी त्याचं 'जाते' करून दिलं की ते वाक्य तुमचं राहत नाही. माझा पहिला लेख एका मासिकानं परत पाठवला होता, भाषा सुधारा म्हणून. मी सुधारला, तो छापूनही आला, आणि घरी आईला वाचून दाखवला तर ती म्हणे, "हे कोन बोलून राह्यलं रे, आपल्या घरी तं असं कोनी बोलत नाही." ते फार लागलं मला, अजूनही लागतं.

गोडी लागली ती बाबांच्या वहीपासून. कापूस वेचणीचा हिशोब असायचा तिच्यात, संध्याकाळी बाया गाठोडी डोक्यावर घेऊन धुऱ्याशी यायच्या, बाबा काट्यावर वजन करायचे आणि कंदिलाच्या उजेडात लिहून घ्यायचे, कोणाचे किती किलो, कोणाची उचल किती. पण कडेला जी जागा उरायची तिथं ते अजून काहीतरी लिहायचे. "दव लय, कापूस ओला." एका दिवशी फक्त एवढंच, "आज बायानं गानं म्हटलं नाही." मी आईला विचारलं तेव्हा कळलं की टोळीतल्या एका बाईचं लेकरू आदल्या रात्री गेलं होतं, तरी ती वेचायला आली होती. बाबा चौथी शिकलेले. त्या एका ओळीत जे आहे ते मला अजून लिहिता आलेलं नाही.

मग पोळ्याच्या झडत्या, म्हणजे पोळ्यात तोरणाखाली म्हणतात ती गाणी. आमच्या गावात एक आजोबा दरवर्षी नवीन झडती बांधायचे, कापसाचा भाव, कर्ज, बोंडअळी, सगळं त्यात यायचं, आणि शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' म्हटलं की तोरणाखाली उभं सगळं गाव हर हर करायचं. ते वारले तेव्हा लक्षात आलं की कोणीच काही लिहून ठेवलं नाही, मी पण नाही, मी तर दरवर्षी पुढं उभा राहायचो. आता कोणाला अर्धी ओळ आठवते तर कोणाला नुसती चाल, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि आपलं रिद्धपूर. मोर्शी तालुक्यातलं हे गाव, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ पण झालंय. साधारण 1278 च्या सुमारास तिथंच म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानतात त्याला, आणि तो लिहिला कसा तर महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींसोबत जे जे लोक राहिले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून विचारून. स्वामी कोणत्या गावी थांबले, काय जेवले, कोण काय बोललं, असं बारीकसारीक सगळं. पुढं मूळ पोथी धावपळीत गेली तर लोकांनी आठवून आठवून परत लिहून काढली. तुम्ही म्हणता मोठं काही घडत नाही, पण जेवण, मुक्काम, बोलणं हेच तर त्यात पानोपानी आहे ताई!

सुरुवात अशी करा. रात्री भांडी झाली की दहा ओळी, वर तारीख आणि जागा टाकायची, मग त्या दिवशी कानावर पडलेलं एक वाक्य, जसंच्या तसं. फोनवर बोलून टाइप करत असाल तर तो कधी कधी 'मले'चं 'मला' करून टाकतो, ते हातानं परत बदलायचं. शेजारच्या घरातलं काही दुखणं-भांडण लिहिलं तर दुसऱ्याला दाखवण्याआधी त्यांना विचारून घ्या, गावात राहायचंय आपल्याला.

आता वेचणी लागेल. सीतादहीच्या, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीच्या पूजेच्या दिवशी तुमच्या वावरात दही-भात कोण शिंपडतं, तेव्हा तोंडानं काय म्हणतात, पहिला कापूस कोणाच्या ओटीत पडतो, तेवढंच एक पान लिहा आणि मला पाठवा, अजिबात न सुधारता.