खोली समुद्राकडची घ्या, अँटेनाचं बघता येईल

प्रश्न: ताई, मी हॅम आहे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारा, सुट्टीत घरच्यांसोबत परदेशात बीच हॉटेलला आठवडाभर जायचंय, १०० वॅटचा रेडिओ न्यावा म्हणतो. अजून बुकिंग केलेलं नाही. परवानगी आणि अँटेनाचं काय काय बघू?

उत्तर: बुकिंग केलं नाहीत ते बरंच झालं, कारण सगळं खोलीवरच अवलंबून आहे. पण आधी लायसन्स. आपलं लायसन्स तिथे आपोआप चालत नाही, काही देशांत सीईपीटीच्या (युरोपातल्या टेलिकॉम खात्यांची संघटना) कराराने तीन महिन्यांपर्यंत चालतं पण ते फक्त करारातल्या देशांच्या लायसन्सना, बाकीच्यांनी तिथल्या टेलिकॉम खात्याकडे अर्ज करायचा आणि तो तिकीट काढायच्या आधी करा. कागद हातात आला की प्रिंट काढून रेडिओच्याच बॅगेत ठेवा, कस्टमला तोच लागतो.

मग हॉटेल. माझ्या पहिल्या ट्रिपला फोनवर "हो हो चालेल" म्हणाले आणि पोचल्यावर ड्युटीवरच्या मॅनेजरला काहीच माहीत नव्हतं, पोल उभा करून दहा मिनिटं नाही झाली तर उतरवायला लावला. मागच्या बाल्कनीत वायर लावून बसले, एसींमुळे रेडिओत येणाऱ्या खरखरीत काहीच ऐकू येईना, इतकं वाईट वाटलं होतं. त्यामुळे ईमेलवर लेखी हो घ्या, पोलचा फोटो पाठवा, आणि तळमजल्यावरची, कडेची, पाण्यासमोरची खोली मागा. जनरेटर आणि पूलच्या पंपापासून जेवढी लांब मिळेल तेवढी.

अँटेनाला मोठं काही नको. फायबरचा सात मीटरचा फोल्डिंग पोल, २० मीटर बँडला (म्हणजे साधारण २० मीटर लांबीच्या रेडिओ लहरींना) पाच मीटर उभी वायर आणि तेवढेच लांब दोन रेडियल, म्हणजे खाली आडव्या पसरायच्या वायरी, १० मीटर बँडला अडीच-अडीच मीटर. हे अगदी पाण्याच्या कडेला लावा, खाऱ्या पाण्यामुळे सिग्नल क्षितिजालगत निघतो आणि तोच लांब जातो. पुढच्या ट्रिपला मी पोल छत्रीच्या स्टँडला वेल्क्रोने बांधला होता, भरतीचं पाणी स्टँडला लागत होतं, तेच १०० वॅट पण सूर्य बुडता बुडता असा पाइलअप आला, म्हणजे एकाच वेळी इतके जण हाका मारायला लागले, की लॉग (कोणाशी बोललो त्याची नोंद) लिहिताना हात पुरेना!

एक मात्र कळकळीने सांगते, ट्रान्समिट करताना वायरच्या टोकांना हाय व्होल्टेज असतं, नुसता हात लागला तरी भाजतं. बीचवर मुलं पळत असतात, रेडियल पायात येतील असे सोडू नका, रंगीत रिबन बांधा आणि खोलीत जाताना सगळं उतरवा.

पॉवरला हलकी एसएमपीएस (भिंतीतल्या विजेवर रेडिओ चालवणारा पॉवर सप्लाय) न्या, १३.८ व्होल्टला वीसेक अँपिअर देणारी. लिथियम बॅटरी नेणार असाल तर सुटी बॅटरी केबिन बॅगेतच, १०० वॅट-अवरच्या वर असेल तर एअरलाइनला आधी विचारा, १६० च्या वर नेताच येत नाही. रोज रात्री कनेक्टर पुसा, खारी हवा दोन दिवसांत गंज चढवते.

आणि घरच्यांचं म्हणाल तर पहाटे ते उठायच्या आत एक तास आणि सूर्यास्ताला एक तास रेडिओवर बसा, लांबचे देश तेव्हा छान लागतात, मधला दिवस त्यांना द्या.