वाचकांचे प्रश्न : नव्या रोड बाईकचा आवाज

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मी नवी रोड बाईक घेतली. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आहेत, मागे ११ गिअर आहेत. सायकल खोक्यातून आली आणि येथील दुकानात जोडली गेली. सकाळी सोमेश्वरपर्यंत सपाट रस्त्याने जाताना मागच्या मधल्या गिअरमध्ये सतत खरखर ऐकू येते. त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीकडे चढावर जोर लावला, की पॅडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ असा आवाज होतो. दुकानदार म्हणतात, नवीन आहे, हळूहळू बसेल. चेनला अनेकदा तेल दिले, पण फरक पडला नाही. बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा मधला आस ज्यात फिरतो तो फ्रेममधला भाग) बदलून घ्यावा का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : बॉटम ब्रॅकेटला अद्याप हात लावू नये. आपले वर्णन नेमके आहे आणि त्यातूनच असे दिसते, की आपण ज्याला एक दोष समजत आहात ते बहुधा दोन स्वतंत्र दोष आहेत. खरखर विशिष्ट गिअरमध्ये येते, म्हणजे तिचा संबंध चेन कोणत्या चकतीवर आहे याच्याशी आहे. ‘टक्’ मात्र जोर आणि पॅडलची फेरी यांच्याशी बांधलेला आहे. दोन्हींवर एकच उपाय शोधत राहिल्यास सायकल निष्कारण खोलली जाईल.

आधी खरखर पाहू. पॅडल मारणे थांबवून सायकल नुसती सोडून द्यावी. खरखर थांबली तर दोष चेन आणि गिअरच्या बाजूला आहे. चालूच राहिली तर चाक किंवा ब्रेक तपासावा. (त्या वेळी मागच्या चाकातून येणारी बारीक टिकटिक फ्रीहबची (पॅडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या यंत्रणेची) असते, ती दोष नव्हे.) मधल्या चकत्यांवर खरखर येण्याचे नव्या सायकलवरील सर्वांत सामान्य कारण म्हणजे गिअरच्या केबलचा ताण. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केबलवरचे आवरण आणि त्याची टोके आपापल्या जागी दाबून बसतात, त्यामुळे ताण कमी होतो आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चकतीच्या बरोबर खाली न राहता किंचित बाजूला राहतो. दुकानदारांचे म्हणणे येथवर खरे आहे. परंतु केबल बसली म्हणून ताण आपोआप परत येत नाही, तो कोणीतरी द्यावाच लागतो.

त्यासाठी मागचे चाक उचलून धरावे, हाताने पॅडल फिरवावे आणि एकेक गिअर बदलून पाहावा. चेन मोठ्या चकतीवर चढायला आळस करत असेल तर केबल सैल आहे. छोट्या चकतीवर उतरायला आळस करत असेल तर ती जास्त ताणली गेली आहे. मागच्या डिरेलरपाशी केबल जेथे शिरते तेथील बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करणारी फिरकी), सैल असल्यास बाहेर सुटण्याच्या दिशेने आणि ताण जास्त असल्यास आत बसण्याच्या दिशेने, एका वेळी केवळ पाव फेरी फिरवावा आणि पुन्हा तपासावे. डिरेलरवरील दोन मर्यादा-स्क्रूंना या कामात हात लावू नये. त्यांचे काम चेन दोन टोकांच्या चकत्यांपलीकडे जाऊ न देणे एवढेच आहे. मधल्या गिअरची खरखर त्यांनी जात नाही, उलट चेन चाकाच्या तारांत जाण्याचा धोका मात्र निर्माण होतो.

ॲडजस्टरने छोट्या चकत्या शांत झाल्या की मोठ्या कुरकुरतात आणि मोठ्या शांत केल्या की छोट्या, असे होत असेल तर डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकला असण्याची शक्यता अधिक. आपली सायकल खोक्यातून आली आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. फ्रेम वाचावी म्हणून हँगर मुद्दाम नरम धातूचा करतात आणि तो प्रवासातल्या धक्क्याने किंवा सायकल उजव्या बाजूला पडल्यानेही वाकतो. मागून पाहिल्यास डिरेलरची दोन्ही छोटी चाके वरच्या चकतीच्या सरळ रेषेत दिसायला हवीत. मापाच्या दांडीने तो सरळ करणे हे दुकानाचे काम आहे.

पुढची छोटी आणि मागची सर्वांत छोटी चकती एकत्र वापरल्यास चेन तिरपी होऊन पुढच्या डिरेलरला घासते. तेथे दुरुस्तीची गरज नाही, ती जोडी टाळावी.

आता ‘टक्’. चेनची एखादी कडी आखडली असती तर आवाज प्रत्येक फेरीला आला नसता. अशा चेनमध्ये साधारण ११० कड्या असतात. म्हणून ५० दात्यांच्या चकतीवर ती कडी पॅडलच्या दोन फेऱ्यांहून थोडे अधिक झाल्यावर आणि ३४ दात्यांच्या चकतीवर तीन फेऱ्यांहून थोडे अधिक झाल्यावर परत येते. आपला आवाज दर फेरीला येतो, त्यामुळे चेन बाजूला ठेवता येते आणि तेलाने फरक का पडला नाही तेही कळते. चढावर उभे राहून पॅडल मारून पाहावे. उभे राहिल्यावर आवाज गेला तर तो सीट किंवा सीटपोस्टचा (सीटखालच्या दांड्याचा) आहे. फ्रेममधून आवाज असा प्रवास करतो, की तो खालून आल्याचा भास होतो आणि दोष नेहमी बॉटम ब्रॅकेटच्या माथी येतो. उभे राहूनही आवाज राहिला तर पॅडल काढावेत, आटे पुसून ग्रीस लावावे आणि घट्ट बसवावेत. जोडणीत कोरडेच बसवलेले पॅडल हे अशा आवाजाचे फार नेहमीचे कारण आहे. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नये. नंतर डाव्या क्रँकचे (पॅडल ज्याला बसवतात त्या दांड्याचे) बोल्ट पाहावेत. शिमानोच्या दोन बोल्टांच्या क्रँकला ते १२ ते १४ न्यूटन-मीटर इतके, आलटून पालटून आवळायचे असतात, आणि त्यासाठी टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) हवा. पुढच्या चकत्यांचे बोल्ट आणि मागच्या चाकाची पकडही तपासावी. एवढे करूनही आवाज टिकला तर बॉटम ब्रॅकेटचा विचार करावा.

एका वेळी एकच बदल करून सायकल त्याच चढावर चालवून पाहावी. दोन महिनेच झाले असल्याने पहिली सर्व्हिसिंग दुकानाकडून मोफत मिळते का, तेही विचारावे.

प्रश्न : नव्या चेनवरचे चिकट ग्रीस रॉकेलने धुऊन टाकावे का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : धुऊ नये. ते कारखान्यातले वंगण कड्यांच्या आत शिरलेले असते आणि तेथे बाटलीतले तेल तितके चांगले पोहोचत नाही. धूळ चिकटते ती बाहेरच्या थरावर, म्हणून कोरड्या फडक्याने बाहेरून पुसणे पुरेसे आहे. पुढे चेन कोरडी वाजू लागली, की प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, काही वेळ थांबावे आणि वरचे तेल पूर्ण पुसून घ्यावे. पावसाळ्यात त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या बाजूला जाऊन आल्यास त्याच दिवशी चेन पुसून पुन्हा तेल द्यावे.